लेबनॉन : पंथांच्या वाटणीत अडकलेली लोकशाही

अरब जगातील निवडणुकांचा विचार करताना लेबनॉनकडे स्वतंत्रपणे पाहावे लागते. कारण या देशात इराक किंवा सीरियासारखी एकपक्षीय हुकूमशाही कधी नांदली नाही, वृत्तपत्रे तुलनेने मोकळी राहिली आणि यादवीचा काळ वगळता संसदेसाठी चुरशीच्या निवडणुका होत आल्या, तरीही राज्यसंस्था मात्र उत्तरोत्तर दुबळी होत गेली. मतदान होते आणि राज्य उभे राहत नाही, या विसंगतीचे मूळ तिथल्या सत्तावाटपाच्या रचनेत आहे.

१९४३ साली फ्रेंच अंमलातून स्वतंत्र होताना मारोनी ख्रिस्ती नेते बिशारा अल-खूरी आणि सुन्नी नेते रियाद अल-सुल्ह यांनी एक अलिखित समझोता केला, जो ‘राष्ट्रीय करार’ म्हणून ओळखला जातो. त्यातून राष्ट्राध्यक्ष मारोनी, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया असा पायंडा पडला, तर संसदेतील जागा ख्रिस्ती आणि मुस्लिम यांच्यात सहास पाच या प्रमाणात विभागल्या गेल्या. या प्रमाणाला आधार होता तो १९३२ च्या जनगणनेचा, जिच्यात ख्रिस्ती लोकसंख्या निम्म्याहून किंचित अधिक भरली होती. त्यानंतर लेबनॉनमध्ये अधिकृत जनगणना झालेली नाही. कारण माणसे मोजली की सत्तेची वाटणीही नव्याने करावी लागेल, ही धास्ती प्रत्येक पंथाच्या पुढाऱ्यांना वाटत आली आहे.

१९७५ ते १९९० या काळातील यादवी युद्धात सुमारे दीड लाख माणसे मृत्युमुखी पडली असे मानले जाते. ते थांबवण्यासाठी १९८९ मध्ये सौदी अरेबियातील ताइफ शहरी झालेल्या कराराने ख्रिस्ती आणि मुस्लिम यांना समसमान जागा दिल्या, राष्ट्राध्यक्षांचे बरेचसे अधिकार मंत्रिमंडळाकडे सोपवले आणि पंथाधिष्ठित राजकारण टप्प्याटप्प्याने संपवण्याचे वचन दिले. यांपैकी समान वाटणी आणि अधिकारांचा बदल अमलात आला; वचन मात्र कागदावरच राहिले. आजच्या १२८ सदस्यांच्या संसदेत ६४ जागा ख्रिस्ती आणि ६४ जागा मुस्लिम व द्रुझ यांच्यासाठी असून त्या पुन्हा मारोनी, सुन्नी, शिया, ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन अशा पंथोपपंथांत विभागलेल्या आहेत.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना १९३२ च्या पुणे करारामुळे राखीव जागा आणि संयुक्त मतदारसंघ यांची कल्पना परिचित आहे. लेबनॉनमध्येही मतदारसंघ संयुक्तच असतात, म्हणजे कोणत्याही पंथाचा मतदार आपल्या मतदारसंघातील यादीला मत देतो. मात्र भारतात राखीव जागांची तरतूद वंचितांना प्रतिनिधित्व मिळावे म्हणून झाली, तर लेबनॉनच्या संसदेत सर्वसाधारण अशी एकही जागा नाही. शिवाय मतदाराची नोंद राहत्या पत्त्यावर नव्हे, तर पूर्वजांच्या गावी असते, त्यामुळे बैरूतमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबालाही मतदानासाठी मूळ गावी जावे लागते, आणि तिथे वाट पाहत असतात त्या गावावर वर्चस्व असलेली जुनी घराणी. विवाह आणि घटस्फोट या बाबीही त्या त्या पंथाच्या न्यायालयांकडे असल्याने देशात नागरी विवाहाची सोय नाही आणि अनेक जोडपी त्यासाठी सायप्रस गाठतात.

या व्यवस्थेत नोकरी, कंत्राट किंवा रुग्णालयातील खाट मिळवण्यासाठी माणसाला राज्याच्या दारी न जाता पंथाच्या नेत्याकडे जावे लागते, आणि नेत्याचे बळ याच अवलंबित्वावर पोसले जाते. शस्त्रांचेही तसेच झाले. ताइफ करारानंतर बहुतेक सशस्त्र गट विसर्जित झाले, परंतु दक्षिणेतील इस्रायली ताब्याविरुद्धच्या लढ्याचे कारण देऊन हिजबुल्ला या शिया सशस्त्र संघटनेने शस्त्रे राखली आणि २००० साली इस्रायली सैन्य मागे गेल्यावरही ती सोडली नाहीत, त्यामुळे युद्ध केव्हा सुरू करायचे हा निर्णयसुद्धा निवडून आलेल्या मंत्रिमंडळाच्या हाती उरला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातील युद्धाच्या पाठोपाठ उघडलेली आघाडी, २०२४ च्या शरद ऋतूतील इस्रायलचे विध्वंसक हल्ले आणि नोव्हेंबर २०२४ ची युद्धबंदी या साऱ्या काळात देशाला राष्ट्राध्यक्षच नव्हता. ते पद ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीपासून रिकामे होते.

सामान्य लेबनॉनी माणसाने हे निमूटपणे स्वीकारले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ऑक्टोबर २०१९ मध्ये बँकव्यवस्था कोसळत असताना सर्व पंथांचे लोक ‘सगळे म्हणजे सगळे’ जा, अशी मागणी करत रस्त्यावर उतरले. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात वर्षानुवर्षे निष्काळजीपणे साठवलेल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा मृतांच्या कुटुंबीयांनी मागितला तो न्याय राज्याकडून, पंथाकडून नव्हे. तरीही तपासात राजकीय अडथळे येतच राहिले. मे २०२२ च्या निवडणुकीत या असंतोषातून पुढे आलेले डझनभर नवे प्रतिनिधी संसदेत पोहोचले, पण जागांची चौकटच पंथांची असल्याने त्यांचे बळ मर्यादित राहिले.

जानेवारी २०२५ मध्ये लष्करप्रमुख जोसेफ औन राष्ट्राध्यक्ष झाले, आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्षपद भूषवलेले नवाफ सलाम यांच्याकडे फेब्रुवारीत पंतप्रधानपद आले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने सर्व शस्त्रे राज्याच्या ताब्यात आणण्याची योजना आखण्याचे काम लष्कराकडे सोपवले. हे पाऊल आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही. अल्पसंख्य पंथांना बहुसंख्येची वाटणारी भीती यादवीच्या अनुभवातून आलेली, खरी भीती आहे, आणि तिचे उत्तर लेबनॉनच्या राज्यघटनेतच लिहिलेले आहे : संसद पंथनिरपेक्ष पद्धतीने निवडावी आणि राष्ट्राच्या मूलभूत प्रश्नांसाठी पंथांचे प्रतिनिधित्व करणारे वेगळे वरिष्ठ सभागृह स्थापावे. तीन दशकांहून अधिक काळ दुर्लक्षिलेली ही तरतूद अमलात आली, तरच लेबनॉनी मतदार प्रथम नागरिक म्हणून मोजला जाईल आणि त्याच्या मताला राज्य घडवण्याचे सामर्थ्य लाभेल.