पंचकल्याणीचे न्हाणे

लोअर परळ म्हटले की डोळ्यांपुढे गिरण्यांची धुराडी उभी राहतात. गिरण्या गेल्या, धुराडी एखाददुसरी उरली. पण डिलाईल रोडने सात रस्त्याला आलात आणि महालक्ष्मी स्टेशनाचा पूल ओलांडलात, की अजूनही लिदीचा आणि ओल्या गवताचा वास येतो. भायखळ्याच्या शर्यती 1883 साली या मैदानावर आल्या, तेव्हापासूनचा हा शेजार आहे. शर्यतीचा घोडा आपल्याला वर्तमानपत्रातून तरी ठाऊक असतो. पण याच मैदानावर अमॅच्युअर रायडर्स क्लबही आहे, आणि तेथे निराळा घोडा पाहावयास मिळतो: उड्यांचा, चालीचा, प्रदर्शनाचा. शर्यतीच्या घोड्याने पहिले यावे, एवढेच त्याचे काम. प्रदर्शनाच्या घोड्याने सुंदरही दिसावयाचे असते. या सुंदर दिसण्याची किंमत पुष्कळदा त्याची कातडी देते, आणि म्हणून आज त्या कातडीविषयीच बोलायचे आहे.

मी काही पशुवैद्य नव्हे. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो, पहाटे रेसकोर्सवर फिरावयास जातो, आणि मोतद्दारांशी दोन शब्द बोलून घरी आलो की पुस्तके उघडतो. मोतद्दार आणि पुस्तके यांचे जेथे एकमत झाले, तेवढेच तुम्हांला सांगणार आहे.

आपल्याकडे पंचकल्याणी घोडा शुभ मानतात. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीच्या काठी, दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो, तेथे असा घोडा दिसला की माणसे थबकतात. नुकऱ्याचेही तसेच, लग्नाच्या वरातीला सगळ्यांना तोच हवा. पण गंमत बघा, ज्याला आपण शुभलक्षण म्हणतो, नेमकी तीच घोड्याची दुखरी जागा असते. पांढऱ्या खुणांखालची कातडी गुलाबी असते. तिच्यात रंगद्रव्य नसते. उन्हाने ती भाजते, चिखलाने सोलवटते. वयाबरोबर पांढऱ्या झालेल्या घोड्याची गोष्ट वेगळी. त्याच्या पांढऱ्या केसांखाली कातडी काळीच असते. तेव्हा घोडा पांढरा आहे एवढ्यावर जाऊ नका, नाकपुडीजवळचा रंग पाहा. नुकरा असेल तर तेथे गुलाबी दिसेल.

घोड्याची कातडी राठ असते, हा आपला एक आवडता समज. सिडनीच्या पशुवैद्यांनी 2020 साली घोड्याची आणि माणसाची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहिली. एकूण कातडी घोड्याची जाड भरली, परंतु ज्या वरच्या थरात वेदना ओळखणारे मज्जातंतूंचे शेवट असतात, तो थर दोघांचा जवळजवळ सारखाच निघाला. खरे तर सूक्ष्मदर्शकाची तरी काय गरज होती? अंगावर एक माशी बसली की घोडा नेमकी तेवढीच जागा थरथरवून तिला उडवून लावतो. ज्याला माशीचे पाय कळतात, त्याला लोखंडी खराऱ्याचे दात कळणार नाहीत काय?

तेव्हा न्हाणे पुढे, खरारा आधी. अंग कोरडे असताना रबराचा खरारा हलक्या हाताने गोल गोल फिरवावा, पण तो मांसल भागावरच. तोंड, गुडघे, घोटे येथे हाडावर नुसती कातडी असते. तेथे मऊ ब्रश किंवा ओले फडके पुरते. लोखंडी खरारा ब्रशातली धूळ काढण्यासाठी असतो, घोड्यासाठी नव्हे. फारच नाजूक कातडीचा घोडा असेल तर ब्रशही नको. मऊ गवताचा बोळा किंवा आपला तळहात बरा. तळहाताचा आणखी एक फायदा म्हणजे त्याला लागते ते डोळ्यांना दिसत नाही. गाठ, खपली, गरम झालेली जागा, सारे आधी हाताला सापडते. आणि मानेच्या बुडाशी, आयाळ जेथे संपते, तेथे जरा रेंगाळा. घोडे एकमेकांना तेथेच खाजवतात. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका अभ्यासात तेथे हाताने खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावलेले आढळले. न्हाण्याला बिचकणारा घोडा उभा राहावा यासाठी हा उपाय लगाम ओढण्यापेक्षा केव्हाही चांगला.

आता पाणी. घोड्याच्या घामात एक प्रथिन असते, त्याचा फेस होतो. मांड्यांमध्ये आणि खोगिराखाली जो पांढरा फेस दिसतो तो हाच. घाम वाळला की मागे मीठ राहते. हे मीठ काढावयास साबण लागत नाही बरं का, साधे पाणी पुरते. सुरुवात पायांपासून करावी, मग खांदे, मग पाठ. एकदम पाठीवर बादली ओतली तर घोडा दचकतो, आणि त्यात त्याचे काय चुकले? तोंडावर पाणी मारूच नये, स्पंजाने पुसावे. तोंडाचा स्पंज वेगळा, शेपटीखालचा वेगळा. हे सांगावे लागते याचे वाईट वाटते, पण सांगावे लागते.

साबणाचे प्रकरण जरा समजून घेण्यासारखे आहे. आपली त्वचा किंचित आम्ल असते, घोड्याची जवळजवळ उदासीन. आपल्यासाठी बनवलेला शाम्पू तिला जुळेलच असे नाही. कपड्यांचा साबण तर चांगलाच अल्कधर्मी, तो अंगातले नैसर्गिक तेल धुऊन नेतो. मग कातडी कोरडी पडते, कोंडा सुटतो, घोडा भिंतीला अंग घासतो, आणि मालकाला वाटते, घोडा मळला! पुन्हा साबण. तर्कशास्त्रात याला चक्रक दोष म्हणतात; तबेल्यात त्याला काय म्हणतात ते मी ऐकले आहे, पण येथे सांगता येत नाही. घोड्यासाठीच केलेला सौम्य, बिनवासाचा शाम्पू घ्यावा, बादलीभर पाण्यात थोडाच कालवावा, आणि अंगावरून उतरणारे पाणी अगदी नितळ होईपर्यंत धूत राहावे. राहिलेला फेस खाज आणतो. कोणतीही नवी वस्तू आधी खांद्यावरच्या रुपयाएवढ्या जागी लावून एक दिवस वाट पाहावी. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तर नवे काहीच नको.

पांढरे पाय सर्वांत अवघड. ते मळतात म्हणून रोज घासले जातात; घासल्याने कातडी सोलते; सोललेल्या जागी ओल राहते आणि जंतू शिरतात. खुराच्या वर, मागच्या बाजूच्या खोबणीत, आधी लाली, मग खपल्या, मग लंगडणे. या खपल्या नखाने उचकटू नका. पाय धुतलेत तर पुरते कोरडे करा, त्या खोबणीत सुके फडके घालून टिपा. पाय वाळवायला वेळ नसेल त्या दिवशी धुऊच नका; चिखल वाळू द्या आणि मऊ ब्रशाने झाडून टाका. पाय थोडा पिवळट दिसला तरी चालेल, लंगडा दिसता कामा नये.

मुंबईचा पावसाळा हे या साऱ्याचे मूळ दुखणे. शर्यतीचे घोडे त्या दिवसांत पुण्याला जातात. शर्यतीच तिकडे होतात. जे येथे राहतात त्यांच्या पाठीवरचे केस सतत ओले राहिले की तेथे खपल्यांचे झुबके धरतात आणि ओढले तर केसांसकट निघतात. त्या चार महिन्यांत न्हाणे कमी, कोरडा खरारा अधिक, आणि तबेल्यात वारा. वाऱ्याचा दुसराही उपयोग आहे. आयाळीच्या मुळाशी आणि शेपटीच्या बुंध्याशी घोडा रक्त येईपर्यंत घासत असेल, तर ते बहुधा बारीक चिलटांच्या चाव्याचे वावडे असते. ही चिलटे पहाटे आणि तिन्हीसांजेला उठतात आणि फार दुबळी उडतात. साधा पंखा लावला तरी त्यांना पुढे येता येत नाही. त्या वेळी घोडा आत बांधावा, अंगावर पातळ झूल घालावी. रॉकेल, फिनेल, जळके तेल असले उपाय ऐकाल. ते कातडी जाळतात. खोबरेल लावून उन्हात उभे करणेही बरे नव्हे, तेलावर धूळ बसते. गोल गोल केस झडलेले चट्टे दिसले तर तो गजकर्ण असू शकतो, आणि तो ब्रशातून दुसऱ्या घोड्याला आणि हातातून तुमच्या मुलांनाही होतो. अशा वेळी परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय काही लांब नाही. 1886 पासून ते याच कामासाठी तेथे उभे आहे. प्रत्येक घोड्याचा ब्रश मात्र आजच वेगळा करा.

सौंदर्याच्या कल्पनाही बदलत असतात. नाकाभोवतीचे लांब राठ केस भादरून टाकण्याची चाल प्रदर्शनांत पुष्कळ वर्षे होती. तोंड रेखीव दिसते म्हणून. त्या केसांनी घोडा अंधारात चंदी चाचपतो, भिंत जवळ आल्याचे ओळखतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 1 जुलै 2021 पासून असे केस कापलेल्या घोड्याला आपल्या स्पर्धांत बंदी केली. परीक्षक आता मिशीसकट घोडा पाहतात आणि त्यांना तो सुंदर दिसतो.

प्रदर्शन संपले की लोक फोटो काढण्यात गुंततात, आणि घोडा सजलेला तसाच उभा राहतो. आयाळीच्या घट्ट वेण्या त्याच संध्याकाळी सोडा, नाहीतर तो त्या घासून काढील. पायांना लावलेली पांढरी पूड धुऊन टाका. खोगिराखालचे कापड घामाने ताठ झालेले असते. ते साबणाचा अंशही न राहील असे खळबळून उन्हात घाला. अंगावर साधे पाणी, खोबणीत सुके फडके, आणि पाय कोरडे झाले की मग चंदी.