बॅकअप उघडून पाहिलात का?

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलेलं. संगणकाशी नातं टायपिंगपुरतं. पण आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे आणि तिथं एक धडा मिळाला, तो आज सांगतो.

वाचनालयाची अकरा हजार पुस्तकं, सभासद, देवघेव, सगळ्याची नोंद संगणकावरच्या डेटाबेसमध्ये. दर शनिवारी ग्रंथपाल बॅकअप कॉम्प्रेस करून पेनड्राइव्हवर घेत. नवी फाईल जुनीच्या जागी बसे. २०१९ च्या पावसाळ्यात विजेच्या लपंडावात हार्डडिस्क गेली. आम्ही निर्धास्त होतो. माझी भाची याच क्षेत्रात आहे, तिला बोलावलं. फाईल अर्ध्यावर अडली.

"मामू, ही अर्धीच उतरलीय. पेनड्राइव्ह समारंभाच्या फोटोंनी भरला होता. कधी उघडून पाहिली होती का?"

कुणीच पाहिली नव्हती. सात हजार पुस्तकं परत मिळाली. बाकीची दाखल रजिस्टरावरून टाइप करायला चार महिने गेले. कोणतं पुस्तक कुणाकडे आहे, ही नोंद गेली ती गेलीच.

लक्षात कसं आलं नाही? भाचीनं समजावलं. झिव्ह आणि लेंपेल या दोन शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलेली युक्ती अशी : पुन्हा पुन्हा येणारा मजकूर एकदाच लिहायचा, पुढे नुसती खूण करायची, 'मागे पाहा'. आमच्या यादीत 'कादंबरी', 'पुणे' हे शब्द हजारदा येणार. त्यामुळे फाईल खूपच आक्रसते. म्हणूनच ती लहान दिसली तरी शंका येत नाही. शिवाय साध्या मजकुरात एक अक्षर बिघडलं तर एक ओळ बिघडते. इथं एक खूण बिघडली तर पुढचं बरंच काही वाचता येत नाही.

हे आमच्यासारख्या अडाण्यांचंच होतं असं नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या मोठ्या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. नेहमीचा बॅकअप पाहायला गेले, तर तो तयारच होत नव्हता. सहा तासांपूर्वी घेतलेल्या दुसऱ्या एका प्रतीनं तारलं. मधल्या सहा तासांचं बरंच गेलं.

माझे आजोबा हाफिज होते, संपूर्ण कुराण मुखोद्गत. पण पाठ आहे, एवढ्यावर कुणी विसंबत नसे. रमजानमध्ये रोज रात्री तरावीहच्या नमाजात ते म्हणत आणि मागे दुसरा हाफिज कान देऊन उभा असे. शब्द चुकला की तो लगेच लुकमा देई, म्हणजे तिथंच दुरुस्ती करी. दरवर्षी, सगळ्यांसमोर. हेच आम्ही विसरलो होतो.

आता भाचीनं शिस्त घालून दिली आहे. फाईल तयार झाली की लगेच तपासायची. अशा फाईलच्या शेवटी पडताळणीचा आकडा असतो, प्रोग्राम तो जुळवून पाहतो. शेवटच्या चार आठवड्यांच्या प्रती ठेवायच्या. फोटो वेगळे ठेवायचे. ते आधीच आक्रसलेले असतात, आणखी लहान होत नाहीत. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर सगळं रिस्टोअर करून पुस्तकांची संख्या मोजायची. तिथं उलगडलेल्या फाईलला पुरेल एवढी जागा आधी पाहायची.

तुमच्या दुकानाचा, पतसंस्थेचा, शाळेचा बॅकअप असेलच. या आठवड्यात तो एकदा उघडून पाहा.