साडेतीन मिलिमीटरचा मावळा

(या भागात जे बोललो ते इथे लिहून काढलंय. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवलाय.)

 

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, की मागे कपाटावर तो पांढरा पॅगोडा कसला दिसतोय? तर तो पॅगोडा नाही. तो जपानमधला हिमेजी किल्ला आहे, आणि तो मी बनवलाय. आज त्याच्याबद्दल बोलूया. आणि त्याच्यामुळे गेल्या दिवाळीत आमच्या खोताच्या वाडीत माझी जी फजिती झाली, तीही सांगतो.

२०२० चा लॉकडाऊन. गिरगावातलं आमचं घर म्हणजे दीड खोली. दिवसभर लॅपटॉपवर कोड, संध्याकाळी पुन्हा तोच लॅपटॉप, फक्त पिक्चर बघायला. हाताला काहीतरी काम हवं होतं. दुकानं उघडल्यावर मी हिमेजीचं प्लॅस्टिकचं किट मागवलं. स्केल १:५००, म्हणजे खरे पाच मीटर तिथे एक सेंटीमीटर. सूचना सगळ्या जपानीत. फोनचा कॅमेरा धरून त्यांचं भाषांतर करायचं, मग निपरने भाग कापायचा, कानशीने घासायचा, चिकटवायचा. दीड महिना लागला. आईला वाटलं, मुलगा कामातून गेला.

आता हिमेजी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आज दिसतो तो मुख्य मनोरा १६०९ साली पूर्ण झाला. बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आहेत आणि खाली तळघर. दगडी जोत्यासकट उंची साधारण ४६ मीटर, आणि ज्या टेकडीवर तो उभा आहे तीही समुद्रसपाटीपासून जवळपास तेवढीच. माझ्या मॉडेलमध्ये मनोरा झाला नऊ सेंटीमीटरचा. हाताच्या बोटाएवढा!

किट बनवताना एक गोष्ट झाली. फोटोत मला त्याची छपरं पांढरट दिसायची, आणि किटमधली कौलं होती करडी. म्हटलं रंग चुकला. मग जवळून काढलेले फोटो शोधले. कौलं करडीच आहेत, पण दोन कौलांच्या सांध्यावर चुन्याचा पांढरा गिलावा आहे. लांबून सगळं छप्परच पांढरं वाटतं. म्हणून मी जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त कौलांचे उंचवटे पांढरे केले. दगडी जोतंही सरळ नाही, खाली पसरट आणि वर जाताना उभं होत जातं. फोटोत हे दहा वेळा बघितलं असेल, पण ते कळलं हातात कानस घेतल्यावर. मॉडेल करायचं म्हणजे तुम्हाला बघावंच लागतं, त्यातून सुटका नाही.

आणि हे सगळं इतकं बारकाईनं करता येतं, कारण तिथे मोजून ठेवलंय. १९५६ ते १९६४ मध्ये तो मनोरा अक्षरशः सुटा करून दुरुस्त केला आणि पुन्हा उभा केला. २००९ पासून २०१५ पर्यंत पुन्हा मोठं काम झालं. जुना मूळ मनोरा टिकून आहे असे किल्ले जपानमध्ये फक्त १२ उरलेत. बाकी बरेच नंतर बांधलेले आहेत. ओसाकाचा मनोरा १९३१ चा, काँक्रीटचा.

हा १२ चा आकडा लक्षात ठेवा. कारण जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले किल्ले गेले, तेही १२. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. व्हॉट्सॲपवर सगळीकडे तोच विषय. आणि माझ्या डोक्यात किडा शिरला, की यंदा वाडीतला दिवाळीचा किल्ला स्केलमध्ये करायचा. हिमेजीच्याच, १:५०० च्या. म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील.

खोताची वाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिरगावातली अरुंद गल्ली, लाकडी व्हरांड्यांची, बाहेरून जिने असलेली जुनी कौलारू घरं. दादोबा वामन खोतांच्या नावावरून वाडीचं नाव पडलं. ईस्ट इंडियन ख्रिश्चन कुटुंबं आणि आम्ही, सगळे एकमेकांना खेटून. अशी साठेक घरं होती म्हणतात, आता निम्मीही नाहीत. जागा कुठेच नाही. जिथे दोन फूट मोकळे दिसतील तिथे बाईक लागते. आमचा किल्ला होतो तो शेजारच्या अंकल-आंटींच्या व्हरांड्यापुढच्या चार बाय चार फुटांत. त्याच कोपऱ्यात डिसेंबरमध्ये त्यांचं नाताळचं क्रिब असतं. दिवाळीला आमची माती, नाताळला त्यांचं गवत.

मी निवडला प्रतापगड. कारण तो मापात बसत होता. खालचा किल्ला साधारण ३२० मीटर लांब, ११० रुंद. म्हणजे मॉडेलमध्ये ६४ सेंटीमीटर बाय २२. बालेकिल्ला १८० मीटरचा, म्हणजे ३६. मस्त! पण वायव्येला कडा आहे अडीचशे मीटरपर्यंत, तो झाला अर्धा मीटर. आणि बुरूज? दहा-बारा मीटरचे, म्हणजे जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर.

इथे मला पहिल्यांदा नीट कळलं की या दोन किल्ल्यांत फरक काय. हिमेजी म्हणजे टेकडीवर चढवलेली इमारत. तिथे बघायचं ते इमारतीकडे. आपला गड म्हणजे डोंगरच. अर्धं काम कड्याने केलेलंय, माणसाने तट बांधून उरलेल्या फटी बुजवल्यात. हिमेजीचं किट खोक्यात मिळतं, कारण इमारत खोक्यात बसते. डोंगर कसा बसवणार?

तर मी काय केलं, इंजिनिअर असल्यामुळे आधी डेटा शोधला. नासाच्या स्पेस शटलने २००० साली मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा डेटा फुकट मिळतो. त्यातून कंटूर काढले, दर दहा मीटरला एक. स्क्रीनवर बघतो तर प्रतापगड म्हणजे ताटात वाढलेली भाताची मूद! कडाच गायब. का? तर हा डेटा साधारण तीस-तीस मीटरच्या जाळीत असतो. माझ्या स्केलमध्ये तीस मीटर म्हणजे सहा सेंटीमीटर. दर सहा सेंटीमीटरला एकच आकडा मिळाला तर सरळसोट कडा दिसणार कुठून, त्याचा उतारच होणार.

मग सप्टेंबरमधल्या एका रविवारी गडावरच गेलो. फोनमध्ये पावलं मोजायचं ॲप, खिशात वही. तटावरून चाललो, बुरूज मोजले, कुठे कडा आहे आणि कुठे उतार, ते काढून घेतलं. आणि महादरवाज्यापाशी येऊन थांबलो. तुम्ही गेला असाल तर आठवून बघा, शेवटपर्यंत दरवाजा दिसतच नाही. बुरुजाच्या आडोशाने वाट वळते आणि एकदम समोर येतो. बाहेरून येणाऱ्याला वर धडक मारायला सरळ रेष मिळत नाही, आणि तोवर वरून त्याच्यावर नजर असते. हिमेजीतही हेच. तिथे तर मनोरा समोर दिसत असतो आणि वाट तुम्हाला भलतीकडे फिरवून आणते. इतक्या लांबच्या दोन देशांत लोकांना एकच युक्ती सुचली.

वसुबारसेच्या आठवडाभर आधी काम सुरू केलं. ऑनलाइन पार्सलांचे पुठ्ठे वाडीभर मागून आणले. चार पुठ्ठे चिकटवले की दोन सेंटीमीटर, म्हणजे खरे दहा मीटर. वरचे पंधरा थर पुठ्ठ्याचे, खाली विटा. त्यावर मातीच्या रबडीत भिजवलेलं गोणपाट. वाडीतली सात-आठ पोरं मदतीला. पहिल्या दिवशी सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी पोरं मावळे घेऊन आली. तुम्हाला माहितीयत ते, सात-आठ सेंटीमीटरचे रंगवलेले. घोडेस्वार, तोफ, सिंहासनावर बसलेले महाराज, आणि खास प्रतापगडासाठी आणलेला अफजलखान.

मी म्हटलं, नाही. हे चालणार नाही. आणि गणित सांगायला लागलो. १:५०० मध्ये माणूस साडेतीन मिलिमीटरचा, तिळाच्या दाण्याएवढा. तुमचा सात सेंटीमीटरचा मावळा खरा धरला तर पस्तीस मीटर उंच होईल, दहा मजली इमारतीएवढा! तटबंदी त्याच्या गुडघ्याला लागेल. मला वाटलं पोरं हसतील. सातवीतली एक मुलगी तेवढं म्हणाली, "मग दादा, महाराज कुठे बसणार?"

मी म्हटलं, तिळाएवढे करू आपण.

तिसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. चौथ्या दिवशीही नाही. मी एकटा चिमट्याने तट लावत बसलो होतो. पलीकडच्या जिन्याखाली पोरांनी दोन विटा आणि ओंजळभर माती टाकून स्वतःचा किल्ला सुरू केलेला. किल्ला कसला, ढिगारा होता. वर महाराज.

आंटी व्हरांड्यात बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, आमच्या क्रिबमध्ये बाळ येशू मेंढीपेक्षा मोठा असतो. कोणी फूटपट्टी लावतं का?"

मी खरंच गप्प झालो. म्हणजे बघा, पाच वर्षं मी स्वतःला सांगत होतो की मॉडेल करणं म्हणजे नीट बघणं. आणि समोर सात-आठ पोरं निघून गेली तेव्हा मी बघत होतो फूटपट्टीकडे. तो चार बाय चारचा कोपरा वाडीतला त्यांचा एकमेव कोपरा. तोसुद्धा मी माझ्या छंदासाठी लाटला होता. दिवाळीच्या किल्ल्यात महाराज मोठे असतात, कारण पोरांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट तेच असतात. लहानपणी मीही ते तसेच ठेवायचो, आणि तेव्हा मला काही चुकलंय असं वाटलं नव्हतं.

जिन्याखाली गेलो, सॉरी म्हटलं. आधी भाव खाल्ला त्यांनी, साहजिक आहे. मग वाटाघाटी झाल्या. गड राहील माझ्या स्केलमध्ये. पायथ्याची सगळी जागा त्यांची, तिथे स्केल नाही. तिथे त्यांनी शामियाना उभारला, महाराज आणि अफजलखान समोरासमोर, १० नोव्हेंबर १६५९. हळीव पेरले, जुन्या डब्याच्या झाकणाचं तळं केलं, पाण्याचा पाइप जोडून कारंजंही केलं. प्रतापगडाला कारंजं कुठून आलं, मी विचारलं नाही. आणि माझं हिमेजी एका स्टुलावर शेजारी ठेवलं.

आता गंमत ऐका. मला वाटलं होतं, दोन स्केल एकत्र म्हणजे सगळा गोंधळ दिसेल. झालं उलटं. लोक आधी महाराजांकडे बघायचे आणि मग मान वर करायचे. मोठ्या मूर्तींमुळे मागचा कडा लांबचा वाटत होता, खालून खरा गड वाटतो तसा. आणि बालेकिल्ल्याच्या तटावर त्या सातवीतल्या मुलीने फेव्हिकॉलने पाच तीळ उभे चिकटवले होते. खरेखुरे तीळ. फराळाच्या डब्यातले असणार.

भाऊबीजेच्या संध्याकाळी किल्ला बघायला आलेल्या एका काकांनी विचारलं, "याला दरवाजा करायला विसरलात का रे?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही शत्रूच्या बाजूला उभे आहात. इकडून या."

तर ज्यांना हे करून बघायचंय त्यांना दोन-तीन गोष्टी सांगतो. स्केल निवडताना आधी जागा मोजा, मग गडाची लांबी मीटरमध्ये घ्या. मीटरचे सेंटीमीटर करा, पाचशेने भागा. फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं. सरकारी पाटीवरच्या आकड्यावर थांबू नका, एकदा जाऊन पावलं मोजा. कडा दिसेल तिथे डेटापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. जपानी किट घेणार असाल तर पहिलंच मोठं घेऊ नका, १:५०० पुरे. आणि घरात, गल्लीत लहान मुलं असतील तर त्यांची जागा आधी आखून द्या, मग तुमचा पुठ्ठा कापा.

किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवला, मग मोडला. माती गोणीत भरून आंटींच्या जिन्याखाली ठेवलीय. यंदा पोरांना सिंधुदुर्ग करायचाय. चार फुटांत समुद्र कसा बसवायचा, यावर सध्या भांडणं चालू आहेत. तुम्हाला काही सुचलं तर नक्की कळवा.