पुडी आणि पाणी



आजचा विषय गणिताचा आहे. पण तें गणित फळ्यावरचें नव्हे, आजारी मुलाच्या उशाशीं बसून करावयाचें आहे.

प्रथम साखरेच्या पाकाचें उदाहरण घेऊं. १०० ग्रॅम पाण्यांत ५० ग्रॅम साखर विरघळविली, कीं पाक शेंकडा ५० साखरेचा झाला, असें पुष्कळांस वाटतें. पण तसें नाहीं. पाणी हा द्रावक, साखर हें द्राव्य, आणि दोन्ही मिळून द्रावण. येथें द्रावणाचें वजन १५० ग्रॅम. म्हणून साखर शेंकडा ३३ हून किंचित् अधिक. शेंकडा ५० हवी असल्यास पाणीहि ५० ग्रॅमच घ्यावें लागेल. द्रावणाच्या वजनांतून द्राव्याचें वजन वजा केलें म्हणजे द्रावकाचें उरतें, एवढें ध्यानांत ठेवावें.

या साध्या हिशेबावर कधीं कधीं प्राण अवलंबून असतात. १९७१ सालीं बनगांव येथें पूर्व बंगालांतून आलेल्या निर्वासितांच्या छावणींत पटकी उसळली. शिरेंतून देण्याचें द्रावण पुरेना. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यांत विरघळवून तें रोग्यांस पाजविलें. मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३० च्या आसपास होतें, तें ४ च्याहि खालीं आलें.

आज जागतिक आरोग्य संघटनेनें ठरविलेल्या मोठ्या पुडींत मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ व सोडियम सायट्रेट २.९, असें एकूण २०.५ ग्रॅम द्राव्य असतें. तें एक लिटर पाण्यासाठीं. हीच पुडी कोणी घाईनें २०० मिलिलिटरच्या पेल्यांत ओतली तर? द्राव्य तेंच, पाणी मात्र पांचवा हिस्सा. म्हणजे तीव्रता सुमारें पांचपट, लिटरमागें जवळजवळ १३ ग्रॅम मीठ! असें पाणी शरीरांतलेंच पाणी आंतड्यांत ओढून घेतें. रक्तांतील मीठ वाढून लहान मुलास झटकेहि येऊं शकतात. उलट दोन लिटर पाणी घेतलें, तर क्षार निम्म्यावर येऊन भरपाई अपुरी होते.

आणखी एक. तयार द्रावण उकळूं नये. वाफ पाण्याची होते, मिठाची नव्हे. लिटरचें पाऊण लिटर उरलें, कीं लिटरमागें २०.५ ग्रॅमांचे २७ हून अधिक होतात. म्हणून पाणी आधीं उकळावें, निववावें, मग मोजावें आणि शेवटीं पुडी सोडावी. बाजारांत लहान पुड्याहि मिळतात; तेव्हां किती पाणी घ्यावयाचें, तें पुडीवर वाचूनच घ्यावें. लिटरचें एक भांडें घरांत आजच नेमून ठेवा. मध्यरात्रीं तें शोधण्याची पाळी येऊं नये.