दिव्यही नको, दीनही नको
(सदर बाजार, रायपूर येथील मराठी वाचकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रहो, रायपुरात बसून नावांविषयी बोलायचं, तर पहिला दाखला इथल्याच मातीतला द्यायला हवा. गुरू घासीदासांच्या अनुयायांनी स्वतःला सतनामी म्हटलं, पण सरकारी कागदांवर जातीचं जुनं नावच चालू राहिलं. सतनामी महासभेने झगडून १९२६ साली ‘सतनामी’ हे नाव सरकारकडून मान्य करून घेतलं. पुढे १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालायचं ठरलं, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडले. ज्याचं नाव आहे, त्याला विचारल्याशिवाय ते ठरवायचं नाही, हा आपला जुना आग्रह. तोच आग्रह आज दृष्टी नसलेल्या माणसांच्या बाबतीत धरायचा आहे.

२७ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला. पुढे तो केंद्राच्या खात्याच्या नावात आला, महाराष्ट्रातही ‘दिव्यांग कल्याण विभाग’ झाला. अपंगांच्या अनेक संघटनांनी तेव्हाच विरोध केला होता. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही २०१९ मध्ये या शब्दाबद्दल चिंता नोंदवली. असं का झालं, हे आपल्याला वेगळं समजवायला नको. एकीकडे ‘मागच्या जन्मीचं पाप’ म्हणायचं आणि दुसरीकडे ‘देवाची देणगी’ म्हणायचं. दोन्हीकडे हिशेब देवाशीच, मग पायरीला रॅम्प का नाही आणि पुस्तक ब्रेलमध्ये का नाही, हे विचारायचं कुणाला? ‘हरिजन’ म्हणून विहीर खुली झाली नव्हती.

मग कोणता शब्द वापरायचा? अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दोन नेमके प्रकार आहेत : अंधत्व आणि अल्पदृष्टी. हा फरक लक्षात ठेवा. अल्पदृष्टी असलेल्या मुलीला ‘अंध’ म्हटलं की ती मोठ्या अक्षरात वाचू शकते हे लपतं. अंध मुलाबद्दल ‘जरा कमी दिसतं’ म्हटलं की त्याला लेखनिक लागतो हे लपतं. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणातला एक टक्का या दोन गटांसाठी आहे, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत अपंगांसाठी पाच टक्के जागा आहेत. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. तिथे ‘दिव्य’ लिहून भागत नाही, नेमकं लिहावं लागतं.

‘अंध’ हा शब्द सरसकट वाईट नाही. ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ या अमेरिकेतल्या संघटनेने १९९३ मध्ये ठरावच केला, की आडवळणाचे गोड शब्द नकोत, आम्हाला सरळ ‘ब्लाइंड’ म्हणा. आपल्याकडे कुणी ‘अंध’ म्हणवून घेतात, कुणी ‘दृष्टिहीन’, तर हिंदी पट्ट्यात ‘दृष्टिबाधित’ रुळला आहे. समोरच्याला जो शब्द आपला वाटतो, तो वापरा. माहीत नसेल तर विचारा. ‘आंधळा’, ‘सूरदास’ अशी हाक मात्र मारू नका. माणसाला नाव असतं.

आता थोडं आपल्या चळवळीच्या जिभेकडे पाहू. विरोधकाला आपण सर्रास ‘अंधभक्त’ म्हणतो. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ ही म्हण भाषणात टाळ्या घेते. सभागृहात अंध कार्यकर्ता बसलेला असतो. आपल्या जातींची नावं शिवी म्हणून वापरली गेली, तेव्हा ‘बोलण्याची रीत आहे’ हे उत्तर आपण मान्य केलं नाही. मग इथे तेच उत्तर कसं चालेल? विचार न करणाऱ्याला ‘विचार न करणारा’ म्हणू या. त्याचा डोळ्यांशी संबंध नाही.

आणखी एक गोष्ट मराठीच्या क्रियापदात आहे. आपल्या आजोबांना गावात कोवळी पोरंही ‘अरे-तुरे’ करायची. आज अंध प्राध्यापकांसमोर त्यांच्या सोबत्याला लोक विचारतात, ‘याला चहा चालतो का?’ शब्दकोशातला कितीही चांगला शब्द आणा, ‘याला’ने सगळं उघडं पडतं. ‘सर, चहा घेणार का?’ असं थेट त्यांनाच विचारा.

शेजारच्या मध्य प्रदेशात दृष्टिहीनांना न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळणारा नियम होता. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे उद्या तुमचा खटला अंध न्यायाधीश ऐकतील. त्यांना तुम्ही ‘बिचारा’ म्हणणार नाही, ‘दिव्य’ही म्हणणार नाही, ‘न्यायाधीश महोदय’ म्हणाल. तोच आदर पद नसलेल्या माणसालाही मिळायला हवा. आपण घरातले पहिले पदवीधर आहोत. घरचे अर्ज, बचत गटाची पत्रं, जयंतीच्या पत्रिका आपणच लिहितो. म्हणून शब्द बदलायला कुठल्या शासन निर्णयाची वाट पाहायला नको.