काटा खरा बोलला पाहिजे



जुन्नर-आंबेगावचा भाजीपाला ट्रकने मुंबईकडे जातो. वाटेत माळशेजसारखा घाट उतरायचा, तर ड्रायव्हरला समोरच्या मीटरबोर्डचा भरवसा हवा. जुन्या ट्रकचे काटे बंद पडले, तर गॅरेजमध्ये नवा बोर्ड बनवता येतो. पत्रा कापून भोके पाडणे सोपे. खरे काम पुढेच आहे.

इंजिनाला बसवलेला टेंपरेचरचा सेन्सर तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि त्यानुसार काटा हलतो. सेन्सर एका मेळाचा व मीटर दुसऱ्या मेळाचा असेल, तर काटा हलतो, पण खोटे सांगतो. बंद काट्यावर कोणी विसंबत नाही. खोट्या काट्यावर विसंबतात आणि इंजिन गमावतात.

म्हणून बसवण्याआधी तपासा. मीटर व सेन्सर बॅटरीला जोडा, अर्थची तार विसरू नका. सेन्सरचे टोक थर्मामीटरसह पाण्यात धरून पाणी उकळवा. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच. येथे पाणी १०० नव्हे, सुमारे ९८ अंशांना उकळते. काटाही तेथेच थांबला पाहिजे.

एअर ब्रेकच्या गाडीत हवेच्या दाबाचा मीटर अगदी नजरेसमोर असावा. दाब उतरला की ब्रेकचा जोर गेला. घाट उतरण्यापूर्वी तो पाहावाच.

मित्रहो, विद्युतरोध आणि उत्कलनबिंदू हे आपल्या शाळेतलेच धडे आहेत. गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्या मुलाने शाळा सोडू नये, ती याचसाठी.