सूर्यावरील वादळे आणि सावित्रीचे खोरे

सूर्यावर होणारे स्फोट आणि तेथून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत, म्हणजे सौरवारा, यांमुळे पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात आणि वातावरणाच्या वरच्या थरांत जे बदल घडतात, त्यांना अवकाशीय हवामान म्हणतात. त्याचे भाकीत कसे केले जाते, हे रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूरच्या रहिवाशांना सावित्रीच्या पुरावरून चांगले उमगेल. महाबळेश्वरच्या माथ्यावर कोसळलेले पाणी पोलादपूरवरून महाडला येईपर्यंत काही अवधी जातो आणि खालच्या गावांना मिळणारी पूर्वसूचना त्या अवधीवरच अवलंबून असते.

सूर्याच्या बाबतीतही असाच अवधी मिळतो. सौर ज्वाळेचा, म्हणजे तेथील स्फोटाचा, प्रकाश सुमारे सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतो. मात्र तिच्यासोबत अनेकदा उसळणारा चुंबकित वायूचा प्रचंड लोट येण्यास साधारणतः एक ते तीन दिवस लागतात. तो निघाल्याचे दुर्बिणींतून दिसते, पण किती नुकसान करील हे तेवढ्यावरून ठरत नाही. सावित्रीच्या पुराची समुद्राच्या भरतीशी गाठ पडली की तो महाडात जसा अधिक चढतो, तसाच या लोटातील चुंबकीय क्षेत्राचा रोख दक्षिणेकडे असेल तरच त्याची ऊर्जा पृथ्वीच्या चुंबकीय कवचात मोठ्या प्रमाणावर शिरते. हा रोख आधीपासून सांगणे, ही या शास्त्रातील आजची सर्वांत कठीण बाब आहे. त्याचे प्रत्यक्ष मोजमाप पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर असलेल्या यानांकडून मिळते. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले भारताचे ‘आदित्य-एल१’ ६ जानेवारी २०२४ रोजी तेथील कक्षेत पोहोचले. तेथून मिळणारी खात्रीची सूचना मात्र बहुधा तासाभराचीच असते.

या अभ्यासाचा एक फार मोलाचा ठेवा रायगड जिल्ह्यातच, अलिबागेस आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदी १८४१ पासूनच्या आहेत. पुढे विजेच्या ट्रामगाड्यांमुळे त्यांत बाधा येणार हे ओळखून, नानाभाई मूस संचालक असताना, हे काम अलिबागेस हलविण्यात आले आणि १९०४ पासून तेथे मापन सुरू झाले. जुन्या व नव्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून काही काळ दोन्हीकडे मोजणी चालली, ही दूरदृष्टी विशेष कौतुकास्पद आहे. सप्टेंबर १८५९ च्या चुंबकीय महावादळात कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून टिपलेल्या आकड्यांत क्षेत्राच्या आडव्या घटकाची घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला भरते. नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे अतिसूक्ष्म एकक होय. मे २०२४ च्या मोठ्या वादळात अशा वादळांची तीव्रता दाखविणारा जागतिक निर्देशांक उणे ४०० नॅनोटेस्लाच्या आसपास उतरला होता, यावरून त्या जुन्या वादळाचे सामर्थ्य ध्यानात यावे.

मार्च १९८९ मध्ये अशाच वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालविली. कोकणात वीजवाहिन्यांना तेवढा धोका संभवत नाही. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जात असल्याने येथे परिणाम दिसतो तो मुख्यतः आयनांबरात, म्हणजे विद्युतभारित कणांच्या उंच थरात, आणि त्यामुळे लघुलहरींचे संदेश क्षीण होतात, उपग्रहांवरून स्थान दाखविणारी यंत्रे चुकतात. दरडी आणि पुरांनी रस्ते तुटणाऱ्या पोलादपूरसारख्या डोंगरी तालुक्यात बचावपथकांची भिस्त अशाच साधनांवर असू शकते, म्हणून अशा वादळाची सूचना येथेही पोहोचायला हवी.

लोट येऊन आदळला की अलिबागच्या आलेखावर आडवा घटक बहुधा प्रथम एकाएकी उसळतो, मग पृथ्वीभोवती वाढलेल्या वलयप्रवाहामुळे काही तास घसरत जातो, आणि पूर्ववत होण्यास त्याला कित्येक दिवस लागतात.